रिलीजच्या आधी परतीची वाट बघून ठेवा: कुबरनेटिस आणि हेल्म, दुकानदाराच्या भाषेत



या आठवड्याच्या व्हिडिओत कुबरनेटिसवर अ‍ॅपचं नवीन व्हर्जन कसं टाकायचं आणि बिघडलं तर जुन्यावर परत कसं यायचं, हे स्क्रीनवर करून दाखवलं आहे. व्हिडिओत कमांड पटापट निघून जातात. कोणती गोष्ट कशासाठी केली, हे निवांत समजून घ्यायला हा लेख.

आता तुम्ही म्हणाल, "भाऊ, आमचं इतवारीत होलसेलचं दुकान. कंटेनर, क्लस्टर हे सगळं इंजिनिअर लोकांचं काम. आमचा काय संबंध?" संबंध आहे. तुमचं बिलिंग, तुमची ऑर्डर घेणारी साइट, डिलिव्हरीचं अ‍ॅप, यातलं बरंच काही आज कुठल्या ना कुठल्या क्लस्टरवर चालतं. ते चालवणारा डेव्हलपर रात्री नवीन व्हर्जन टाकतो आणि सकाळी गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर उभं असतं. गोंधळ झाला तर शिव्या तुम्हालाच बसतात. मी स्वतः बीबीए केलेला दुकानदार आहे, इंजिनिअर नाही. म्हणून हे आपल्या भाषेत सांगतो. जे तरुण हे काम शिकून नोकरी शोधत आहेत, त्यांनाही यातून मालकाचा प्रश्न काय असतो ते कळेल.

सगळ्या लेखाचं सार आधीच सांगून टाकतो: रोलबॅकने प्रोग्रॅम परत येतो, डेटा परत येत नाही. बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

मुंबईची एक गोष्ट

नोव्हेंबर २०१८ चा शेवटचा आठवडा आठवा. एचडीएफसी बँकेने नवीन मोबाइल बँकिंग अ‍ॅप आणलं. लोकांनी डाउनलोड केलं आणि लॉगिनच होईना. महिना संपत आलेला, पगाराचे, भाड्याचे, हप्त्यांचे दिवस. बँकेने नवीन अ‍ॅप स्टोअरमधून काढलं, ग्राहकांना नेटबँकिंगसारखे दुसरे मार्ग वापरायला सांगितलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जुनं अ‍ॅप परत आणलं. म्हणजे रोलबॅकच केला. पण तोपर्यंत बरेच दिवस गेले होते.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये, मागच्या दोन वर्षांतल्या बंद पडण्याच्या घटनांवरून, रिझर्व्ह बँकेने याच बँकेला नवीन डिजिटल उपक्रम आणि नवीन क्रेडिट कार्ड देणं तात्पुरतं थांबवायला सांगितलं. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, उरलेली मार्च २०२२ मध्ये. देशातली सगळ्यात मोठी खाजगी बँक, पैशाला कमी नाही, माणसांना कमी नाही. तरी तिला या रस्त्याने जावं लागलं. मग आपण तर काय!

ही गोष्ट फोनमधल्या अ‍ॅपची आहे, क्लस्टरची नाही, हे लक्षात ठेवा. फोनमध्ये गेलेलं व्हर्जन तुम्ही हाताने परत ओढू शकत नाही. ग्राहकाने ते काढून दुसरं टाकावं लागतं. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमचं तसं नाही. तो तुमच्या ताब्यात असतो, एका कमांडने जुना उभा राहतो. क्लस्टरचा हाच मोठा फायदा. पण तो फायदा आपोआप मिळत नाही. आधी तयारी लागते.

क्लस्टर म्हणजे नेमकं काय

मालगाडीवरचे लोखंडी कंटेनर आपण सगळ्यांनी पाहिलेत. आत साबण असो की मशीन, बाहेरून डबा सारखाच. क्रेनला आतल्या मालाशी घेणं नाही. सॉफ्टवेअरचा कंटेनर तसाच. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद. या बंद डब्याच्या साच्याला 'इमेज' म्हणतात आणि प्रत्येक इमेजला एक टॅग, म्हणजे व्हर्जनची चिठ्ठी असते.

असे बरेच डबे बऱ्याच मशीनवर चालवायचे असतील तर कोणीतरी मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे कुबरनेटिस. गूगलने २०१४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला आणि २०१५ मध्ये त्याचं १.० व्हर्जन आलं. नाव ग्रीक भाषेतलं, अर्थ सुकाणू धरणारा माणूस. तुम्ही त्याला फक्त सांगायचं, "बिलिंगचे ४ डबे सतत चालू ठेव." एक बंद पडला तर तो दुसरा उभा करतो. मशीन गेली तर दुसऱ्या मशीनवर नेतो. त्याच्या भाषेत चालत्या डब्याला 'पॉड' म्हणतात आणि तुमच्या त्या सूचनेला 'डिप्लॉयमेंट'.

नवीन व्हर्जन आत कसं जातं

समजा तुमचे ४ पॉड जुन्या व्हर्जनवर चालू आहेत आणि तुम्ही नवीन इमेज दिली. कुबरनेटिस चारही एकदम बंद करत नाही. तो एकेक करून बदलतो. याला रोलिंग अपडेट म्हणतात. वेगळं काही सांगितलं नसेल तर नियम असा: ठरलेल्या संख्येपेक्षा २५ टक्के जास्त पॉड उभे करता येतील आणि २५ टक्क्यांपर्यंत कमी चालतील. ४ पॉडच्या हिशेबाने एका वेळी जास्तीत जास्त ५ असतील आणि कामाला तयार असे निदान ३ असतील. म्हणजे काउंटरवर चार माणसं, ड्युटी बदलताना तीन तरी जागेवर हवेतच. गिऱ्हाइकाला कळतही नाही.

पण नवीन माणूस "तयार" आहे हे मुकादमाला कसं कळणार? शटर उघडलं म्हणजे दुकान सुरू झालं असं नसतं. लाइट लागायचे, गल्ल्यात सुट्टे यायचे, मशीन सुरू व्हायची, मग पहिलं बिल. पॉडचंही तसंच. त्यासाठी 'रेडिनेस प्रोब' नावाची तपासणी असते. मुकादम ठरावीक वेळाने विचारतो, "झालास का तयार?" हो आलं की मगच त्या पॉडकडे गिऱ्हाईक वळवतो. ही तपासणी लिहिलीच नसेल तर डबा सुरू झाला की तो तयारच आहे असं धरलं जातं. मग डेटाबेसशी न जुळलेल्या पॉडकडेही लोक पाठवले जातात. डेव्हलपरला पहिला प्रश्न हाच विचारा: रेडिनेस प्रोब आहे का, आणि ती खरंच काही तपासते का?

दुसरी गोष्ट. नवीन पॉड तयारच होत नसतील तर कुबरनेटिस डीफॉल्टने ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं वाट बघतो आणि मग "रिलीज पुढे सरकत नाही" अशी नोंद करतो. नोंद करतो, बस. तो स्वतःहून जुन्यावर परत जात नाही. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. परत फिरण्याचा निर्णय माणसाने घ्यायचा, किंवा आधी सांगून ठेवलेल्या दुसऱ्या साधनाने.

हेल्म: सुकाणू आणि हिशेबाची वही

एका अ‍ॅपमध्ये फक्त डिप्लॉयमेंट नसते. सेटिंग असतात, पासवर्ड असतात, बाहेरचा रस्ता असतो. हे सगळं वेगवेगळ्या फायलींत. एकेक फाइल हाताने बदलत बसलं तर काल काय होतं आणि आज काय आहे, याचा पत्ता लागत नाही. म्हणून हेल्म वापरतात. हेल्म सगळ्या फायली एका गठ्ठ्यात बांधतो. त्या गठ्ठ्याला 'चार्ट' म्हणतात. चार्ट क्लस्टरवर बसवला की त्याला 'रिलीज' म्हणतात, आणि प्रत्येक बदलाला 'रिव्हिजन' नंबर मिळतो: १, २, ३ असा.

मला हेल्म आवडतो तो याच वहीमुळे. रोजमेळ कसा असतो? खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, चुकलं तर उलटी नोंद टाकायची. हेल्म अगदी तसाच वागतो. तुम्ही ८ व्या रिव्हिजनवर आहात आणि ७ वर परत गेलात, तर ८ पुसला जात नाही. ९ वी नोंद होते आणि त्यात ७ चंच सामान असतं. सहा महिन्यांनी पाहिलं तरी कळतं की त्या दिवशी माघार घेतली होती.

रोजच्या कामाच्या कमांड मोजक्याच आहेत. इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना व्हिडिओत दिसतात तशाच करा.

- हेल्म अपग्रेड: नवीन व्हर्जन टाकायला.
- हेल्म हिस्ट्री: वही बघायला. कोणती रिव्हिजन कधी आली, जमली की फसली, सगळं दिसतं.
- हेल्म रोलबॅक: मागे जायला. पुढे रिव्हिजनचा नंबर द्या. नंबर नाही दिला तर एक पाऊल मागे जातो.
- क्यूबसीटीएल रोलआउट स्टेटस: पॉड बदलून झाले का, ते बघायला.

हेल्म डीफॉल्टने शेवटच्या १० रिव्हिजन ठेवतो. रोज दोन-तीनदा रिलीज करणाऱ्यांची वही चार दिवसांत भरते. तुम्हाला मागच्या महिन्याच्या व्हर्जनवर जायचं असेल तर ते पान तिथे नसेल. मर्यादा आधीच वाढवून घ्या.

अपग्रेड करताना 'अ‍ॅटॉमिक' नावाचा पर्याय देता येतो. नवीन पॉड वेळेत तयार झाले नाहीत तर हेल्म स्वतःच मागे जातो. वेळ डीफॉल्टने ५ मिनिटं. हेल्मच्या चौथ्या आवृत्तीत याच पर्यायाचं नाव 'रोलबॅक ऑन फेल्युअर' केलं आहे. हा पर्याय वापराच. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: पॉड उभा आहे की नाही एवढंच तो बघतो. बिल बरोबर निघतंय की नाही, हे त्याला कळत नाही. ते बघायला तुम्हीच लागता.

रोलबॅकने काय परत येत नाही

राजेहो, आता खरा मुद्दा. कमांड मारली, स्क्रीनवर यशस्वी लिहून आलं, तरी पुढच्या चार गोष्टी जागच्या जागी राहतात.

पहिली, डेटाबेस. समजा जुन्या व्हर्जनमध्ये ग्राहकाचा पत्ता एका रकान्यात होता. नवीन व्हर्जनने तीन रकाने केले, घर, रस्ता, पिनकोड, आणि जुना रकाना काढून टाकला. संध्याकाळी तुम्ही रोलबॅक केला. जुना प्रोग्रॅम आला आणि जुना रकाना शोधू लागला. तो आहे कुठे? आता नवीनही चालत नाही आणि जुनंही नाही.

दुसरी, 'लेटेस्ट' नावाचा टॅग. बरेच जण प्रत्येक इमेजला 'लेटेस्ट' हीच चिठ्ठी लावतात. मग रिव्हिजन ७ मध्येही 'लेटेस्ट' आणि ८ मध्येही 'लेटेस्ट'. मागे गेलात तरी हाती नवीनच डबा येतो. किराणा दुकानात सगळ्या बरण्यांवर "डाळ" एवढंच लिहिलं तर तूर कुठली आणि हरभरा कुठला? प्रत्येक इमेजला वेगळा नंबर द्या आणि तो नंबर पुन्हा कधीच वापरू नका.

तिसरी, हाताने केलेले बदल. रात्री घाईत कोणीतरी थेट क्लस्टरवर सेटिंग बदललं. हेल्मच्या वहीत त्याची नोंद नाही. आणि फक्त क्यूबसीटीएलच्या 'रोलआउट अनडू'ने मागे गेलात तर पॉडचं वर्णन मागे जातं, वेगळ्या ठेवलेल्या सेटिंगच्या फायली नाही. म्हणून नियम करा: जे काही बदलायचं ते चार्टमधूनच.

चौथी, बाहेर गेलेल्या गोष्टी. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं बिल, पाठवलेला एसएमएस, पोर्टलवर झालेलं ई-इनव्हॉइस. ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करायचं तर २४ तासांतच करता येतं. बाण सुटला की सुटला.

परत फिरल्याने नुकसान वाढलं, तेव्हा

रोलबॅक म्हणजे नेहमी सुरक्षित, असं समजू नका. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाच्या शेअर दलाल कंपनीत जे झालं, ते या धंद्यात आजही शिकवलं जातं. कंपनीने ८ सर्व्हरवर नवीन प्रोग्रॅम टाकायचा होता. ७ वर गेला, आठव्यावर जुनाच राहिला. नवीन प्रोग्रॅमने एक जुनी खूण नव्या कामासाठी वापरली होती. आठव्या सर्व्हरवर त्याच खुणेने वर्षानुवर्षं बंद पडलेलं एक जुनं काम जागं झालं आणि बाजार उघडताच ऑर्डरीमागून ऑर्डरी सुटू लागल्या.

घाईत लोकांनी काय केलं? ७ सर्व्हरवरचा नवीन प्रोग्रॅम काढून टाकला. म्हणजे मागे गेले. पण येणाऱ्या ऑर्डरींवर ती खूण तशीच होती. त्यामुळे आता आठही सर्व्हर जुनं काम करू लागले. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं.

बघा, प्रोग्रॅम मागे गेला होता. येणारा डेटा मागे गेला नव्हता. आपलं सार इथे पुन्हा दिसतं.

आपल्या काउंटरवरचं उदाहरण: घटस्थापनेचा दिवस

लांब कशाला जायचं? ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलच्या ५६ व्या बैठकीत दर बदलायचं ठरलं आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे बरोबर घटस्थापनेला, नवीन दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. मुख्य टप्पे ५ आणि १८, आणि काही मोजक्या वस्तूंना ४०. अंघोळीचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आले. शाळेच्या वह्या, पेन्सिली १२ वरून शून्यावर. मध्ये पुरते तीन आठवडेही नव्हते.

आता समजा, एका बिलिंग अ‍ॅपवर शहरातली ४० दुकानं चालतात. डेव्हलपरने विचार केला की एकाच रिलीजमध्ये सगळं उरकून टाकू: नवीन दर, आणि सोबत बिलाची नवीन डिझाइनही. रात्री १२ वाजता ८ वी रिव्हिजन टाकली. पॉड उभे राहिले, हेल्मने यश दाखवलं. सकाळी १० वाजता नवरात्राची गर्दी सुरू झाली आणि कळलं की जुन्या प्रिंटरवर नवीन बिल छापलंच जात नाही.

रोलबॅक करायचा? केला तर छपाई सुरू होईल, पण ७ व्या रिव्हिजनमध्ये साबणाचा दर १८ टक्केच आहे. गिऱ्हाइकाकडून जास्त कर घेतला जाईल. तो जास्तीचा कर आपल्या गल्ल्यात ठेवता येत नाही, सरकारकडे भरावाच लागतो, आणि गिऱ्हाईक नाराज होतं ते वेगळं. नाही केला तर ४० दुकानांत हाताने बिलं लिहा. दोन्हीकडून अडचण.

ही अडचण सकाळी १० वाजता सुटत नाही. ती आधीच्या तीन आठवड्यांत सुटते. कशी ते बघू.

एक, दर प्रोग्रॅममध्ये लिहायचाच नाही. तो डेटाबेसच्या तक्त्यात ठेवायचा, तारखेसह: साबण, २१ सप्टेंबरपर्यंत १८, २२ पासून ५. प्रोग्रॅमने बिलाची तारीख बघून दर उचलायचा. हे काम चार-आठ दिवस आधी रिलीज करून टाकायचं. मग २२ तारखेला काहीच टाकावं लागत नाही, आणि प्रोग्रॅम मागे-पुढे केला तरी दर बरोबरच राहतो.

दोन, एका रिलीजमध्ये एकच गोष्ट. दर वेगळा, डिझाइन वेगळी. डिझाइन फसली तर तेवढीच मागे घेता येते. गाठोडं बांधलं की सगळंच मागे न्यावं लागतं.

तीन, आधी एका दुकानात. नवीन डिझाइन पहिल्यांदा एका ओळखीच्या दुकानाला द्यायची, एक दिवस चालवून बघायची, मग पाचांना, मग सगळ्यांना. याला कॅनरी रिलीज म्हणतात. जुन्या प्रिंटरची भानगड पहिल्याच दुकानात कळली असती.

एकदम सगळीकडे पाठवण्याची किंमत जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिली. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं एक सदोष अपडेट आपल्या वेळेने सकाळी ९:३९ ला सुटलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडकल्या. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. कंपनीने ७८ मिनिटांत ते अपडेट मागे घेतलं होतं. पण ज्या मशीन आधीच बंद पडल्या होत्या, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचेना. बऱ्याच ठिकाणी माणसाला मशीनसमोर बसूनच दुरुस्त कराव्या लागल्या. इथेही रोलबॅक झाला, नुकसान मात्र थांबलं नाही.

डेटाबेस बदलायची सुरक्षित पद्धत

पत्त्याच्या रकान्याचं उदाहरण पुन्हा घेऊ. तेच काम चार छोट्या रिलीजमध्ये करायचं.

1. नवीन तीन रकाने जोडा. जुना रकाना तसाच राहू द्या.
2. प्रोग्रॅमने जुन्या आणि नवीन, दोन्हीकडे लिहायचं. आधीच्या ग्राहकांचे पत्तेही नवीन रकान्यांत भरून घ्यायचे.
3. काही दिवस नीट चाललं की वाचायचं नवीन रकान्यांतून. लिहिणं अजून दोन्हीकडे.
4. दोन-तीन आठवडे काही तक्रार नसेल तर जुन्या रकान्यात लिहिणं थांबवा, आणि त्यानंतरच तो काढा.

आपले जुने लोक नवीन वही सुरू केली की जुनी लगेच रद्दीत टाकत नसत. मेळ बसेपर्यंत दोन्ही जवळ ठेवत. तेच इथे. नियम एका ओळीत: डेटाबेस नेहमी मागच्या एका व्हर्जनला चालेल असाच हवा.

हा नियम फक्त रोलबॅकसाठी नाही, बरं का. रोलिंग अपडेट चालू असताना जुने आणि नवीन पॉड काही मिनिटं सोबतच काम करत असतात, एकाच डेटाबेसवर. नवीन पॉडने येताच जुना रकाना काढला तर जुने पॉड तिथेच कोलमडतात.

आणि बॅकअप? घ्यायचाच. पण बॅकअप म्हणजे रोलबॅक नाही. रात्रीचा बॅकअप दुपारी २ वाजता परत टाकला तर सकाळपासूनची सगळी बिलं गेली. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

निर्णय कोणी घ्यायचा

हा भाग मॅनेजमेंटचा आहे आणि मला वाटतं छोट्या धंद्यात इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. अ‍ॅप बिघडलं की डेव्हलपर म्हणतो, "साहेब, दोन मिनिटं, सापडलंच." दोनाचे वीस होतात, वीसाचे साठ. म्हणून रिलीजच्या आधीच तीन गोष्टी कागदावर लिहा.

एक माणूस. रोलबॅक करा असं कोण म्हणणार? त्याचं नाव लिहा. तो फोनवर असलाच पाहिजे.

एक आकडा. काय झालं की मागे जायचं? उदाहरणार्थ, शंभरातली ५ बिलं फसली, किंवा बिल निघायला १० सेकंदांपेक्षा जास्त लागले. "जरा स्लो वाटतंय" हा आकडा नाही.

एक वेळ. कारण शोधायला किती मिनिटं? दहा म्हणा. दहा मिनिटांत सापडलं नाही तर आधी मागे जा, मग निवांत शोधा. कारण शोधणं थांबू शकतं, काउंटरवरची रांग थांबत नाही.

याला अपवाद एकच. नवीन व्हर्जनने डेटा अशा पद्धतीने बदलला असेल की जुना प्रोग्रॅम तो वाचू शकत नाही, तर मागे जाऊ नका. तिथे पुढे जाऊनच दुरुस्ती करावी लागते. पण "या रिलीजला परतीची वाट नाही" हे रिलीजच्या आधी माहीत हवं. तशी रिलीज असेल तर ती दुकानं बंद असतानाच करायची, तीही बॅकअप घेऊन आणि सगळे हजर असताना.

वेळेचंही तसंच. शनिवारी संध्याकाळी, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी रिलीज नको. शहरात मारबत निघते त्या दिवशी इतवारीच्या दुकानदारांसाठी नको. दसऱ्याला दीक्षाभूमीवर तुमचा स्टॉल लागत असेल तर त्या आठवड्यात नको. मंगळवार-बुधवारची सकाळ चांगली: गर्दी कमी आणि मदतीला माणसं जागेवर.

डेव्हलपरला विचारायचे सात प्रश्न

तुम्हाला एकही कमांड येत नसली तरी हे विचारू शकता.

1. आत्ता कोणती रिव्हिजन चालू आहे आणि त्याच्या आधी कोणती होती? वही दाखवा.
2. प्रत्येक इमेजला वेगळा नंबर आहे, की सगळ्यांना 'लेटेस्ट'?
3. रेडिनेस प्रोब काय तपासते? डेटाबेसशी जोडणी तपासते का?
4. या रिलीजमध्ये डेटाबेस बदलतोय का? बदलत असेल तर जुना प्रोग्रॅम त्यावर चालेल का?
5. पहिल्यांदा कोणत्या एका दुकानात टाकणार?
6. रोलबॅकला किती मिनिटं लागतात? मोजलंय, की अंदाज आहे?
7. शेवटचा रोलबॅक सराव म्हणून कधी करून पाहिला?

सहाव्या आणि सातव्या प्रश्नावर समोरचा माणूस गप्प झाला तर रागावू नका, पण काम तिथूनच सुरू करा. आग विझवायचं लाल सिलिंडर भिंतीवर टांगलं म्हणजे ते वापरता येतं असं नाही. एकदा तरी पिन काढून पाहावी लागते.

या आठवड्याचं काम

चाचणीच्या क्लस्टरवर, म्हणजे खरे ग्राहक नसलेल्या ठिकाणी, मुद्दाम एक बिघडलेलं व्हर्जन टाकायला सांगा. घड्याळ लावा. हेल्म हिस्ट्री बघा, रोलबॅक करा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: एक बिल काढून बघा. दर बरोबर आहे का? सकाळचं बिल उघडतं का? जुना ग्राहक सापडतो का? हे तिन्ही 'हो' आले तरच रोलबॅक झाला म्हणायचं. हेल्मने यशस्वी लिहिलं म्हणून नाही.

किती मिनिटं लागली तो आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तोच सराव पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पुढच्या व्हिडिओत डेटाबेसची ती चार पायऱ्यांची पद्धत स्क्रीनवर करून दाखवणार आहे. तोवर डेव्हलपरला निदान चौथा प्रश्न विचारून ठेवा.